पाहुण्याचे दप्तर



आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल, की हा माणूस वाट चुकून साहित्याच्या मांडवात आला. अर्ज, शिक्के, मुदती, पावत्या यांचा वाङ्मयाशी काय संबंध? मी अकरा वर्षे बँकॉकमध्ये एका कापड कंपनीच्या उत्पादन विभागात नोकरी केली. त्या काळात मराठीत जे काही लिहिले ते घरच्या पत्रांतून, आणि त्यातला निम्मा मजकूर कागदांविषयीचाच असे. कुलमुखत्यारपत्र पाठवले आहे, मिळाल्याचे कळवा. बँकेने काय मागितले ते नीट विचारून घ्या. आपल्या कथा-कादंबऱ्यांत परदेशी गेलेला मराठी माणूस येतो तेव्हा पुरणपोळी येते, गणपती येतो, आईची आठवण येते. खिडकीपुढची रांग मात्र येत नाही. ही मला मोठी उणीव वाटते, कारण परक्या देशातल्या माणसाची भीती त्या रांगेत असते, आठवणींत नसते.

आधी एक शब्द घेऊ. थाई भाषेत गोऱ्या परदेशी माणसाला ‘फरंग’ म्हणतात. आपला ‘फिरंगी’ त्याच मुळातला. (पेरूलाही तिथे ‘फरंग’च म्हणतात, त्यामुळे फळवाल्याकडे कधी कधी गंमत होते.) आपल्याला मात्र ते ‘खॅक’ म्हणतात. हा शब्द भारतीय, मलायी, अरब अशा सगळ्यांना सरसकट लागतो आणि त्याचा मूळ अर्थ आहे पाहुणा. सीलोम रस्त्यावर मरिअम्मन देवीचे तमिळ देऊळ आहे, त्याला सगळे बँकॉक ‘वाट खॅक’ म्हणून ओळखते. पाहुण्यांचे देऊळ! शब्द कानाला गोड वाटला तरी त्याला एक कड आहे. पाहुणा कितीही वर्षे राहिला तरी तो घरचा होत नाही, आणि कधी जाणार हे त्याला विचारण्याचा अधिकार यजमानाकडे राहतो.

हा अधिकार कायद्यात लिहिलेला आहे. परकीयांच्या प्रवेशाविषयीचा तिथला मूळ कायदा १९७९ चा, त्यांच्या बौद्ध गणनेने २५२२ चा. त्याच्या ३७ व्या कलमानुसार सलग ९० दिवसांहून अधिक राहणाऱ्या परदेशी माणसाने दर ९० दिवसांनी आपला राहण्याचा पत्ता कळवायचा. मुदतीच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत सवलत. त्यानंतर गेलात तर २,००० बाट दंड. मध्येच देशाबाहेर जाऊन आलात तर मोजणी पुन्हा एकपासून. पत्ता बदललेला नसला तरी कळवायचा. ३८ वे कलम घरमालकासाठी आहे. परदेशी माणूस राहायला आला की त्याने २४ तासांत कळवायचे. कर्तव्य मालकाचे, पण त्याने ते केले नाही तर खिडकीवरून परत फिरायची वेळ भाडेकरूवर येते. आपण मालकाला किती आग्रह करणार? तोही फार सभ्यपणे हसतो आणि उद्या करतो म्हणतो.

त्या कचेऱ्यांत कुणी माझ्यावर कधी ओरडले नाही. हात जोडून नमस्कार होतो, कारकून बाईंना ‘फी’ म्हणजे ताई किंवा दादा म्हणून हाक मारायची पद्धत आहे, जशी आपण इथे ‘बेन’ म्हणतो. आवाज चढवणाऱ्याचे काम मागे पडते हे नवखा माणूस पहिल्या आठवड्यात शिकतो. पण हसतमुखाने सांगितलेला नकार हा नकारच असतो, आणि त्याच्याशी वाद घालता येत नाही, हे शिकायला मला बरीच वर्षे लागली. आपल्याकडच्या कचेरीत माणूस खेकसतो, पण ओळख काढली, चहा मागवला, की कुठेतरी फट पडते. यातले चांगले कोणते हे मला अजून ठरवता आलेले नाही. उतारवयात खेकसणेच बरे वाटू लागते, एवढे खरे.

आता या सभेच्या जिव्हाळ्याची गोष्ट, भाषेची. परवान्याला थाईत ‘अनुयात’ म्हणतात. आपला ‘अनुज्ञात’. वकिलातीला ‘सथान थूत’, म्हणजे स्थान आणि दूत. बँकेला ‘थनाखान’, म्हणजे धनागार. सरकारी कामाला ‘रात्चकान’, त्यात राज आणि कार. महिन्यांची नावेही राशींवरून: मेष, मिथुन, कर्कट, सिंह. पहिल्या दिवशी फॉर्म हातात आला आणि एका सहकाऱ्याने तो वाचून दाखवला तेव्हा मला वाटले, आपण आजोळी आलो. राज्यघटनेसाठीचा ‘रत्थथम्मनून’ हा शब्द तर विसाव्या शतकात राजपुत्र वान यांनी राष्ट्र आणि धर्म या शब्दांच्या आधाराने सुचवला. ज्या गोष्टीसाठी शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, ती तिथे बऱ्याच अंशी रूढ झाली. आपण मात्र अजून अर्ज करतो, दाखला मागतो, मुदत वाढवून घेतो आणि मंजुरीची वाट पाहतो. हे सगळे शब्द फारसीच्या वाटेने आलेले, आणि ते काढून टाकावेत असे मी कधीच म्हणणार नाही. आपल्या बडोद्यात १९३१ साली ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु’ निघाला, त्यात एकाच कचेरीच्या कामासाठी अनेक भाषांतले शब्द शेजारी शेजारी मांडले होते. कारकुनाची भाषा हा राज्याच्या चिंतेचा विषय आहे, हे इथल्या लोकांना निराळे सांगायला नको.

पण संस्कृतच्या या नात्यावर फार विसंबू नका. थाई उच्चारात शब्दाच्या शेवटचा ‘ल’ ‘न’ होतो. ‘कमल’ असे लिहितात आणि ‘कमोन’ वाचतात. भूमिबल राजांचे नाव ‘फूमिफोन’ असे ऐकू येते. माझी मुलगी बँकॉकमध्ये जन्मली. जन्माची नोंद १५ दिवसांत तिथल्या प्रभाग कचेरीत करावी लागते, दाखला थाईत मिळतो. तिच्या नावाच्या शेवटी ‘ल’ आहे. दाखल्याचे इंग्रजी भाषांतर करून घेतले तेव्हा अनुवादकाने जसे वाचले तसे लिहिले, आणि ‘ल’चा ‘न’ झाला. तिथे जन्मल्याने थाई नागरिकत्व मिळत नाही. भारतीय नागरिकत्वासाठी वर्षाच्या आत वकिलातीत नोंद व्हावी लागते. तेव्हा काही आठवडे माझ्या घरात एक मूल होते आणि कागदावर दोन. शेवटी प्रतिज्ञापत्र, नवे भाषांतर, परराष्ट्र खात्याचा शिक्का असे करत दोघी एक झाल्या.

नावांचा घोळ एवढ्यावर संपत नाही. आपल्या गुजरातेतल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव आधी येते, मग स्वतःचे, मग वडिलांचे किंवा नवऱ्याचे. पासपोर्टवर क्रम वेगळा. थायलंडमध्ये आडनावाचा कायदाच १९१३ चा, आणि आजही माणूस पहिल्या नावानेच ओळखला जातो. त्यामुळे आमच्यातल्या एका डॉक्टरांच्या पत्नीला एका कचेरीत वर्षभर नवऱ्याच्या नावाने हाक मारली जात होती, आणि त्यांनी ती दुरुस्त करणे सोडून दिले होते.

नोकरीच्या परवान्यावर तर आणखी बंधने. केस कापणे, पर्यटकांना शहर दाखवणे, हिशेबनिसी अशी कामे परदेशी माणसाला बंद. १९७९ च्या यादीत अशी ३९ कामे होती, पुढे ती बदलत गेली. जमीन विकत घेता येत नाही, इमारतीतला फ्लॅट घेता येतो, तोही त्या इमारतीतल्या एकूण जागेच्या ४९ टक्के मर्यादेत. हे ऐकून आपण हळहळतो. पण अनिवासी झालेल्या भारतीयालाही इथे शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली तेवढी ठेवता येते. म्हणजे तिकडे पाहुणा म्हणून जमीन नाही आणि इकडे गेलेला म्हणून नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तिथे राहण्याची मुदतवाढ मिळते, १,९०० बाट भरून. पण परत प्रवेशाचा परवाना न घेता तुम्ही देश सोडलात तर ती मुदतवाढ त्या क्षणी संपते. एका खेपेचा परवाना १,००० बाट, अनेक खेपांचा ३,८००. मी वर्षातून एकदाच घरी यायचो, तरी दरवर्षी ३,८०० चा घ्यायचो. सहकारी हसायचे. हिशेबाने ते बरोबर होते. पण ज्यांचे आईवडील इथे एकटे राहतात त्यांना तो हिशेब कळेल. विमानतळावरही परवाना मिळतो, तरी ज्या रात्री फोन येईल त्या रात्री फोटो आणि छायाप्रती घेऊन आणखी एका खिडकीपुढे उभे राहायची माझी तयारी नव्हती. माझ्या ओळखीचे असे कितीतरी जण आहेत ज्यांनी पासपोर्टात तो शिक्का मारून घेतला आणि कुणाला कारण सांगितले नाही.

फोन आला तो दुपारी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी इथे होतो. वडील वकिली कागदांच्या बाबतीत फार काटेकोर. त्यांचे कुलमुखत्यारपत्र माझ्या नावाने तयार होते. पण देणारा माणूस गेला की ते पत्रही त्याच्याबरोबर जाते. एका बँकेच्या शाखेत मला विचारले गेले, तुम्ही परदेशात राहता याचा पुरावा काय? मी घरभाड्याचा करार दाखवला. तो थाईत होता. साहेबांनी तो उलटा धरला, सुलटा धरला, मग शेजारच्या टेबलावर दिला. तिथून तो तिसऱ्या टेबलावर गेला. शेवटी माझ्या पासपोर्टातल्या ९० दिवसांच्या नोंदीच्या चिठ्ठ्या कामी आल्या. अकरा वर्षे ज्या कागदाचा मी राग केला, त्याने मला माझ्याच गावात ओळख दिली. त्याचे मला हसूही आले नाही, वाईटही वाटले नाही. मी फक्त सही केली.

त्यानंतर आई काही महिने आमच्याकडे राहायला आली आणि नोव्हेंबर उजाडला. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला. परदेशात असलेल्या व्यक्तीला तो वकिलातीतल्या अधिकाऱ्यासमोर करून घेता येतो. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ आहे आणि अलीकडे फोनच्या कॅमेऱ्यावर चेहरा दाखवूनही काम होते. त्या वर्षी आम्ही अधिकाऱ्यापुढे गेलो. आई म्हणाली, “अहो, मी तुमच्यापुढे बसले आहे, आणि मी आहे असे तुम्ही लिहून देणार!” अधिकारी तरुण होते, मराठी नव्हते, तरी त्यांना कळले असावे. त्यांनी पाणी मागवले. घरी येताना ती मला म्हणाली, “तुला ते विचारतात कुठे आहेस, मला विचारतात आहेस का. तुझे सोपे आहे.” मी तिला काही उत्तर दिले नाही.

आपण इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या भाषेच्या प्रदेशात राहतो. घरात शालिवाहन शक, दुकानात विक्रम संवत, बँकेत इसवी सन, अशी तीन पंचांगे आपण सहज वागवतो, म्हणून थायलंडचे २५६८ साल मला कधी जड गेले नाही. पण आपले पणजोबा या गावात कोणत्या कागदावर आले, त्यांना कुणी कुठल्या खिडकीपुढे उभे केले, त्यांच्या नावाचे काय झाले, हे आपल्यातल्या किती घरांत माहीत आहे? सनदा जपल्या जातात, कारण त्यांत मान असतो. अर्ज, फेटाळलेले अर्ज, दुरुस्तीची पत्रे, दंडाच्या पावत्या रद्दीत जातात.

तेव्हा संस्थेपुढे माझी एक सूचना आहे. ग्रंथालयात एक कपाट यासाठी ठेवावे. परगावी, परदेशी राहिलेल्या कुणाकडे असे कागद असतील, घरी पाठवलेली पत्रे असतील, तर त्यांनी त्यांच्या प्रती द्याव्यात. आधार, पॅन आणि खात्यांचे क्रमांक काळ्या शाईने खोडून द्यावेत. माझी एक फाइल मी आज चिटणीसांकडे देतो आहे. तिच्यात ९० दिवसांच्या ४१ चिठ्ठ्या आहेत, मुलीच्या दाखल्याची दोन्ही भाषांतरे आहेत, आणि आईचा त्या वर्षीचा हयातीचा दाखला आहे.