दुभाषी आणि भाषांतरकार
(भिलाई येथे दिलेले व्याख्यान)

भिलाईत दुभाष्याची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानुसार येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. त्या काळी रशियन तज्ज्ञ आणि आपले अभियंते यांच्यामध्ये दुभाषी उभा असे. तो वाक्यागणिक अर्थ सांगतो. भाषांतरकार मात्र सगळा मजकूर आधी वाचून एकदाच उतरवतो. संगणकात हे दुसरे काम करणाऱ्या प्रोग्रामला कंपायलर म्हणतात.

दहा भाषा आणि दहा प्रकारची यंत्रे असतील, तर शंभर कंपायलर लागतील. यावर एक तोड निघाली. सर्वांनी एका काल्पनिक यंत्राच्या भाषेत भाषांतर करावे आणि ते यंत्र प्रत्येक संगणकावर प्रोग्रामच्या रूपाने उभे करावे. मग वीस प्रोग्रामांत काम भागते. १९७० च्या दशकात झुरिक येथे निकलाउस विर्ट यांच्या गटाने पास्कल भाषेसाठी हाच मार्ग अनुसरला.

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेली पायथन ही स्क्रिप्ट भाषाही याच मार्गाने चालते. ‘अ + ब × २’ हे वाक्य घ्या. गुणाकार आधी करावयाचा, हे कंपायलर एकदाच ठरवतो आणि आज्ञा लिहितो: अ ठेवा, ब ठेवा, २ ठेवा, वरच्या दोहोंचा गुणाकार करा, मग बेरीज करा. यंत्र ताटांच्या चळतीप्रमाणे वस्तू रचते आणि वरूनच उचलते. अ म्हणजे ३ आणि ब म्हणजे ४ असेल, तर उत्तर ११ येते.

परंतु अ हा ‘राम’ आणि ब हा ‘जय’ असा शब्द असेल तर? त्याच आज्ञांतून ‘रामजयजय’ तयार होते. अ अंक आणि ब शब्द असेल, तर यंत्र चूक दाखवून थांबते. यांपैकी काय घडणार, हे भाषांतराच्या वेळी कंपायलरला सर्वसाधारणपणे ठाऊक नसते.

येथेच कंपायलर लिहिणाऱ्याची कसोटी लागते. वेगाच्या मोहाने त्याने ‘हे अंकच असतील’ असे गृहीत धरले आणि तपासणी गाळली, तर प्रोग्राम चुकीचे उत्तर देऊनही बिनतक्रार पुढे जाईल. म्हणून जे निश्चित आहे ते आधीच उरकावे. जे अनिश्चित आहे ते प्रत्यक्ष कार्याच्या क्षणावर सोपवावे. चांगला भाषांतरकार जे मुळात नाही ते पदरचे घालत नाही.