लांब केस आणि अंथरुणातले मांजर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी बाहेरच्या कोणी शिकलेल्या बाई येऊन व्याख्यान देतात. यंदा चिटणीसबाईंनी सांगितले की, आपल्यातल्याच एकीने बोलावे आणि घरातल्या अनुभवाचे बोलावे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मोठ्या विषयाला हात घालण्यापेक्षा जे मला रोज रात्री करावे लागते त्याविषयीच चार शब्द सांगावे असे मी ठरवले. विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत हशा झाला, तो मी ऐकला. हसायला हरकत नाही. पण ज्या घरात लांब केसांची मुलगी आहे आणि तिच्या उशाशी मांजर निजते, त्या घरातली सकाळची रडारड त्या आईलाच ठाऊक.

आपल्या आळीत मांजर नाही असे घर शोधूनच काढावे लागेल. मांजर येते उंदरांसाठी आणि थंडी पडली की शिरते गोधडीत. मुलांना त्याची सवय होते, ते घुरघुरल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. मग एके दिवशी वेणीत गुंता होतो, केस तुटतात, आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, मांजर पोत्यात घाला आणि बाजारापलीकडे सोडून या. दुसरा म्हणतो, पोरीचे केसच कापून टाका, म्हणजे कटकट मिटेल. मुलगी बिचारी दोन्हीकडून रडते. माझे आज सांगणे एवढेच आहे की, या दोन्हींची गरज नसते. निजण्यापूर्वीची दहा मिनिटे नीट दिली, तर केसही राहतात आणि मांजरही राहते.

आधी मांजर डोक्याशीच का येते ते पाहू. मांजराला ऊब फार प्रिय. त्याचे स्वतःचे अंग आपल्यापेक्षा गरम, म्हणजे साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते; तरीही त्याला उबेची हाव असतेच. आपण अंगभर पांघरूण घेतो आणि डोके तेवढे बाहेर ठेवतो, म्हणून ते उशीवर येऊन बसते. तिथे ते पुढच्या पायांनी कणीक तिंबल्यासारखे करते. लहानपणी आईचे दूध पिताना लागलेली ही सवय आहे. त्यात राग नसतो, उलट ते खुशीत असते. पण त्याच्या पुढच्या एकेका पायाला पाच आणि मागच्या एकेका पायाला चार, अशा अठरा नख्या असतात. एरवी त्या आत मिटलेल्या असतात आणि तिंबताना बाहेर येतात. त्यांचा आकार आकड्यासारखा. मोकळा केस त्यात अडकला की मांजर घाबरून पाय मागे ओढते आणि केस तुटतो. शिवाय मांजराच्या शिकारीची वेळ पहाटेची आणि तिन्हीसांजेची. पहाटे आपण कुशीवर वळलो आणि वेणीचे टोक हलले, की त्याला ते उंदराचे शेपूटच वाटते.

आता केसाचे पाहा. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. कमरेपर्यंतचा केस ७० ते ७५ सेंटिमीटर धरला, तर तो सहा वर्षांचा झाला. म्हणजे मुलीच्या वेणीचे टोक हे ती पहिलीत होती तेव्हाचे असते आणि आज ती सातवीत असते! सहा वर्षे ऊन, धूळ, फणी, शिकेकाई सगळे सोसलेले ते टोक. बोट कापले तर भरून येते, पण केस एकदा फाटला की जुळत नाही, कारण त्यात जीव नसतो. जीव असतो तो मुळाशी. म्हणून जपायचे ते शेंड्याला. आणि मांजर नेमके शेंड्याशीच खेळते.

आमच्या घरी धाकटीचे केस कमरेखाली आहेत आणि मांजरी तिच्याच उशाशी निजते. आम्ही रात्री काय करतो ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, ओल्या केसांनी निजू देत नाही. ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो. नहाण सकाळी किंवा दुपारी, म्हणजे रात्रीपर्यंत केस मुळापासून सुकतात.

दुसरी गोष्ट, गुंता हाताने आणि मग रुंद दातांच्या कंगव्याने, शेंड्याकडून वर वर येत काढायचा. वरून खाली ओढले की सगळा गुंता टोकाशी गोळा होतो आणि तिथेच केस तुटतो. नंतर खोबरेल तेलाचे दोन थेंब तळहाताला चोळून फक्त शेंड्यांना लावायचे. खोबरेल तेल केसाच्या आत मुरते आणि धुताना केसाची होणारी झीज कमी करते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाखवले आहे. आपल्या आज्यांना ते कोणी न सांगताच ठाऊक होते. मात्र तेल चोपडून निजू नये. उशी तर खराब होतेच, शिवाय मांजर चाटत बसते.

तिसरी गोष्ट, वेणी तिपेडी घालायची आणि सैल घालायची. मांजराच्या भीतीने काही जणी करकचून वेणी घालतात. रोजच्या ओढीने कपाळाजवळचे आणि कानशिलावरचे केस विरळ होतात, आणि ते नुकसान मांजराच्या नख्यांपेक्षा मोठे असते. वेणीचे टोक मोकळे सोडू नये. ते वर दुमडून मऊ कापडाच्या पट्टीने बांधावे. साधे रबर लावू नये. ते केस कापते.

चौथी गोष्ट, डोक्याला कापड. जुन्या रेशमी लुगड्याचा चौकोनी तुकडा घ्यावा, वेणी डोक्यावर गुंडाळून त्यात घ्यावी आणि कपाळावर सैल गाठ मारावी. रेशमावर केस घसरतो, घासत नाही. नखी लागलीच तर ती कापडात अडकते, केसात नाही. उशीचा अभ्राही अशाच कापडाचा शिवला तर फारच चांगले. जिला डोक्याला कापड सोसत नाही, तिने वेणी उशीच्या वरच्या बाजूला न टाकता अंगाखाली न येईल अशी पांघरुणात घ्यावी.

हे झाले केसांचे. आता मांजराचे.

मांजराला रागावून किंवा मारून काही साधत नाही. त्याला उशीपेक्षा बरी जागा द्यावी लागते. आम्ही अंथरुणाच्या पायथ्याशी एक जुनी लोकरीची शाल चौपदरी घडी करून ठेवतो. निजण्यापूर्वी अर्धा तास धाकटी त्याला दोरीला बांधलेल्या कापडाच्या बोळ्याशी खेळवते आणि मग त्याला जेवण देते. शिकार झाली, पोट भरले, अंग चाटून झाले, की मांजर आपोआप झोपते. ज्याच्या पोटात अन्न आहे ते पहाटे वेणी ओढायला कमी येते. उशीवर आलेच तर न बोलता उचलून शालीवर ठेवायचे. पंधरा दिवस घरातल्या सगळ्यांनी हे एकसारखे करावे लागते. एकाने हाकलायचे आणि दुसऱ्याने कुरवाळायचे, असे चालत नाही.

दर दोन-तीन आठवड्यांनी नख्यांची टोके कापावीत. पंजा हलका दाबला की नखी बाहेर येते. तिच्यात आत गुलाबी भाग दिसतो, तो रक्ताचा; त्याला धक्का न लावता पुढचे पांढरे टोक तेवढे घ्यायचे. पहिल्यांदा गुरांच्या डॉक्टरांकडून शिकून घ्यावे, ते चांगले दाखवतात.

आता एक महत्त्वाची गोष्ट, जी पुष्कळ जणींना माहीत नसते. आपल्या केसांचे सामान मांजराच्या जिवावर बेतू शकते. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. त्यामुळे तोंडात आलेला धागा त्याला थुंकता येत नाही, तो आतच जातो. गजऱ्याचा दोरा, रिबीन, रबर, गंगावनाचे केस, विंचरून निघालेल्या केसांचा गुंतवळ, यांतले काहीही पोटात गेले तर आतडी गोळा होऊ शकतात आणि मग पुष्कळदा शस्त्रक्रियेशिवाय इलाज राहत नाही. म्हणून रात्री गजरा उशाशी ठेवू नये आणि गुंतवळ झाकणाच्या डब्यात टाकावा. मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये, तसेच त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

औषधांचेही तसेच. उवांच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचे द्रव्य असते. ते माणसाला चालते, पण मांजराला विष आहे. केस उगवण्यासाठी डॉक्टर मिनॉक्सिडिल देतात, त्याचे थोडे चाटण पोटात गेले तरी मांजर दगावू शकते. निलगिरीचे तेल, टी ट्री तेल ही सुवासिक तेलेही त्याला बाधतात. ज्या घरी ही औषधे डोक्याला लावतात, तिथे मांजराला त्या रात्री वेगळ्या खोलीत निजवावे आणि अभ्रा लगेच धुवावा.

भगिनींनो, आता माझ्या मनातले मुख्य सांगते. मांजरावर जे आळ येतात, त्यांतले निम्मे खोटे असतात.

आमच्या शेजारच्या एका घरी सूनबाई बाळंत झाली. तीन महिन्यांनी तिचे केस मूठमूठ जाऊ लागले. घरात मांजर होते आणि ते तिच्या खोलीत निजायचे. झाले, खापर मांजरावर फुटले. पोते तयार झाले. मी तिला उशीवरचे केस हातावर घेऊन उजेडात बघायला सांगितले. तुटलेल्या केसाला दोन्हीकडे नुसते टोक असते. मुळापासून गळलेल्या केसाला एका टोकाशी पांढरा बारीक दाणा असतो. तिच्या प्रत्येक केसाला दाणा होता. मांजराने ओढून एवढे केस मुळासकट कसे निघतील? बाळंतपणानंतर, किंवा मोठा ताप येऊन गेल्यानंतर, दोन-तीन महिन्यांनी असे केस गळतात आणि बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबतात. तिला मी डॉक्टरीणबाईंकडे जायला सांगितले. तपासणीत रक्त कमी निघाले. खरी दखल घ्यायची होती ती या गोष्टीची. मांजर सोडून आले असते, तर घरच्यांना वाटले असते की दुखणे मिटले, आणि सूनबाई तशीच पांढरीफटक पडून कामाला जुंपलेली राहिली असती. केस गळायला लागले की आधी बाईकडे बघा, मांजराकडे मागाहून. रोज पन्नास ते शंभर केस जाणे हे तर निरोगी माणसाचेही असतेच.

उवांचेही तसेच. माणसाची ऊ मांजराच्या अंगावर जगत नाही. ती एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जाते. मुलीला उवा झाल्या तर तिच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या आयांशी बोला, मांजराला हाकलू नका.

पण मांजराची बाजू घेते म्हणून खरे दोष झाकणार नाही. पिसवा मांजराच्या असतात आणि त्या आपल्याला चावतात. नायटा मांजराकडून, विशेषतः पिलांकडून, मुलांना होतो. डोक्यात गोल चट्टा पडून तिथले केस गेले आणि खपली दिसली, तर घरगुती लेप लावत बसू नये. डोक्यातल्या नायट्याला पोटातून औषध घ्यावे लागते. माणूस आणि मांजर दोघांनाही दाखवावे आणि बरे होईपर्यंत अंथरूण वेगळे ठेवावे. तान्ह्या बाळाच्या अंथरुणात मांजर कधीही निजू देऊ नये. ज्याला दमा आहे त्याच्याही नाही. गर्भवतीने मांजराची घाण स्वतः काढू नये, घरातल्या दुसऱ्या कोणी रोजच्या रोज काढावी. आणि मांजर चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना भरून घरी बसू नये. रेबीज मांजराकडूनही होतो. म्हणून अंथरुणात घ्यायच्या मांजराला आधी लस टोचून घ्यावी.

पोत्याबद्दलही एक शब्द. पाळलेले जनावर उपाशी मरेल असे सोडून देणे हा १९६० च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी ज्या मुलीच्या डोळ्यांदेखत तिचे मांजर पोत्यात जाते, तिला आपण काय शिकवतो याचा विचार व्हावा. अडचण झाली की जिवाला बाहेर टाकायचे, हेच ना? आणि केस कापायचे ते तिला हौस असेल तर कापावेत. छोटे केसही शोभतात. पण सहा वर्षांची वाढ मांजराच्या निमित्ताने, तिला न विचारता कोणी कापू नये.

शेवटी मंडळाला एक विनंती. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना आपण एका रविवारी आपल्या सभागृहात बोलवावे. आळीतल्या मांजरांना लस मिळेल आणि नख्या कशा कापायच्या ते सगळ्यांना पाहता येईल. टोपल्या आपापल्या आणाव्यात, चहाचे मी पाहीन. आणि रेशमी जुनेराचे तुकडे ज्यांना हवे असतील त्यांनी माझ्याकडून न्यावेत, माझ्या ट्रंकेत पुष्कळ आहेत.