वसई की रेवदंडा?

तुळजापूरच्या माणसाला प्रवासाचं फारसं अप्रूप नसतं. सगळा मुलूखच आमच्या दारी येतो. माझी आई पन्नास वर्षं या गावात आहे. दारात बसलेल्या किती यात्रेकरूंना तिनं पाणी दिलं असेल, त्याची मोजदाद नाही. पण समुद्र मात्र तिनं कधी पाहिला नव्हता. वयाच्या शहात्तराव्या वर्षी एका संध्याकाळी ती म्हणाली, "सगळे आपल्याकडं येतात बाबा. एकदा आपणही समुद्र बघून येऊ."

रजा तीन दिवसांची, पैसे बेताचे आणि आईचे गुडघे दुखरे. त्यात मुलाची अट, नुसता समुद्र नको, किल्लाही हवा. घरात दोन नावं निघाली, वसई आणि रेवदंडा. दोन्ही पोर्तुगीजांची जुनी बंदरं. दोन्हीकडे जाणं जमणार नव्हतं, आणि आईला पुन्हा एवढा प्रवास झेपेल की नाही, तेही सांगता येत नव्हतं.

मुलगा वसईच्या बाजूचा. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचं ते मुख्य ठाणं झालं. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. तिथल्या चर्चमधल्या घंटा पुढं आपल्या देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली १७२१ सालची घंटा त्यांतलीच म्हणून ओळखली जाते. याच वसईत १८०२ साली दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी तह केला. जिथं मराठे जिंकले, तिथंच पेशव्यानं आपलं स्वातंत्र्य गहाण टाकलं. मुलानं आजीलाही लालूच दाखवली, "जवळच वज्रेश्वरी आहे. वसईसाठी चिमाजी अप्पांनी तिलाच नवस केला होता म्हणतात." आई हसली. "देवीच्या गावात राहते रे मी. मला पाणी बघायचंय."

माझा कल रेवदंड्याकडं होता. अलिबागच्या दक्षिणेला, कुंडलिकेच्या मुखाशी हे गाव आहे. पोर्तुगीजांनी १५२०च्या दशकात इथं कोट बांधायला घेतला आणि १७४० च्या तहानं तो मराठ्यांना दिला. शेजारचं चौल तर त्याहून कितीतरी जुनं. रशियन प्रवासी निकितीन पंधराव्या शतकात चौललाच उतरला आणि जुन्नरमार्गे आपल्या शेजारच्या बीदरला पोचला.

आणि आमच्या जिल्ह्याचाही इथं धागा आहे. आपलं तेर म्हणजे प्राचीन तगर. जुन्या ग्रीक प्रवासवर्णनात तगरच्या कापडाचा उल्लेख येतो आणि कोकणच्या बंदरांत चौलचंही नाव येतो. पुढं १५७० साली दोन सुलतानांनी मिळून पोर्तुगीजांवर चाल केली. निजामशहानं चौलला वेढा घातला, आदिलशहानं गोव्याला. त्या काळी आपलं परंडा निजामशाहीत आणि नळदुर्ग आदिलशाहीत. दोघांनाही यश आलं नाही. मुलानं नळदुर्ग दहा वेळा पाहिलेला, पण त्याचे मालक गोव्यापर्यंत लढायला गेले होते हे त्याला नवं होतं. त्याचा विरोध तिथं निम्मा झाला.

उरलेला निम्मा गुडघ्यांनी मिटवला. वसईला जायचं म्हणजे सोलापूरहून रात्रीची गाडी, मुंबईत लोकलची गर्दी, पुलाचे जिने आणि त्यानंतर विस्तीर्ण किल्ल्यातली पायपीट. रेवदंड्याला पुण्याहून खोपोली, पेण, अलिबाग असं गाडीनं थेट जाता येतं. गावच तटाच्या आत वसलेलं, रस्ता कोटातून जातो. नारळी-पोफळीच्या वाड्या ओलांडल्या की किनारा. आम्ही रेवदंड्याला गेलो.

मुलगा पडक्या चर्चच्या उंच मनोऱ्याकडं पळाला. लोक त्याला सातखणी म्हणतात, सगळे मजले मात्र आता शिल्लक नाहीत. समोर कोर्लईचा डोंगर. त्याच्या पायथ्याच्या गावात काही घरांतून आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलली जाते. आईनं यातलं काहीच पाहिलं नाही. माझ्या हाताला धरून ती काळसर वाळूत उतरली, घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग ओंजळभर पाणी घेऊन जिभेला लावलं. "खारटच आहे की," म्हणाली, जणू इतकी वर्षं लोक तिला खोटं सांगत होते.

दोन जागांपैकी एक निवडायची असेल, तर दोन्हींचा इतिहास जरूर वाचा. पण तराजूत आधी तुमच्याबरोबर कोण येणार आहे ते टाका. तट आणखी शंभर वर्षं उभे राहतील. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे पाय तेवढे थांबत नाहीत.

वसई राहिली आहे. मुलानं ती स्वतःकडं घेतली आहे. तो म्हणतो, "पायपीट तेव्हा मी करीन, बाबा. तुम्ही फक्त तिकिटं काढा."