यंत्रावर हात गमावलेल्या मजुराचा हक्क

(पंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी व शिक्षक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



एके काळी सुगीच्या दिवसांत खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरत असे. आज तेथे मळणी यंत्र घरघरते. गोठ्यात कडबाकुट्टी आली, गुऱ्हाळाचा चरक विजेवर फिरू लागला. श्रम वाचले, वेळ वाचला. ही प्रगती स्वागतार्हच आहे. परंतु यंत्राला कणीस आणि बोट यांतला भेद कळत नाही. कणसे आत सारताना मजुराची बाही पात्यात सापडते, पट्ट्यात बाईच्या लुगड्याचा पदर अडकतो आणि निमिषार्धात कर्त्या माणसाचा हात जातो. अशा अपघातांची दखल घेऊन संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा केला. त्याचा रोख प्रामुख्याने मळणी यंत्रांवरच होता, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

अपघातानंतर गावात काय घडते, हे आपणांस ठाऊक आहे. यंत्राचा मालक जखमीला दवाखान्यात नेतो, औषधपाण्याचा खर्च करतो. पुढे चार वडीलधारी माणसे बसतात, दहा-वीस हजारांवर तडजोड होते आणि मुद्रांकाच्या कागदावर ‘यापुढे माझी काही तक्रार नाही’ असे लिहून अंगठा घेतला जातो. यात मालकाचा हेतू नेहमीच वाईट असतो असे नाही. पुष्कळदा तोही अल्पभूधारकच असतो. परंतु कायद्याने मिळणारी भरपाई सोडून देण्याचा असा करार मुळातच निरर्थक ठरतो. अंगठा दिला म्हणून हक्क जात नाही.

हा हक्क नवा नाही. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी शेती करणारे मजूर त्याच्या अनुसूचीत होतेच. २००० सालच्या दुरुस्तीने नैमित्तिक मजुरांना वगळणारे शब्द काढून टाकले आणि २००९ च्या दुरुस्तीने ‘कामगार’ या शब्दाच्या जागी ‘कर्मचारी’ हा व्यापक शब्द आला. आता या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाल्या असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. कायद्याचे नाव बदलले, तत्त्व तेच राहिले: काम करीत असताना आणि त्या कामामुळे इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी मालकाची. चूक कोणाची, हा प्रश्न येथे मुख्य नाही. ‘त्याने लक्ष दिले नाही’ एवढे म्हणून मालकास सुटता येत नाही. मजूर नशेत होता, किंवा त्याने सुरक्षेचे कवच जाणूनबुजून काढून टाकले, असे सिद्ध झाले तर जबाबदारी टळते. आणि मृत्यू अथवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर तेव्हाही ती टळत नाही. ज्या यंत्राला मुळात कवचच बसविलेले नाही, त्याच्या मालकाने कवचाची सबब सांगण्यात अर्थ नाही.

भरपाईची रक्कम दयेवर नव्हे, हिशेबावर ठरते. मासिक वेतन, वय आणि अपंगत्वाचे प्रमाण या तीन गोष्टी त्यात धरतात. अनुसूचीप्रमाणे एक अंगठा गेल्यास कमावण्याची शक्ती ३० टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के, हाताचा पंजा गेल्यास ६० टक्के आणि दोन्ही हात गेल्यास १०० टक्के घटली असे मानतात. समजा, वयाची ३० वर्षे पूर्ण झालेल्या आणि दरमहा १२,००० रुपये मिळविणाऱ्या मजुराचा पंजा गेला. वेतनाचे ६० टक्के म्हणजे ७,२०० रुपये. त्यास त्या वयाच्या २०७.९८ या गुणकाने गुणल्यास १४,९७,४५६ रुपये होतात. त्याचे ६० टक्के म्हणजे सुमारे ८,९८,४७४ रुपये. गावच्या बैठकीतील वीस हजार कोठे आणि ही रक्कम कोठे!

अनुसूचीतील टक्केवारी हीही शेवटची मर्यादा नव्हे. कोपराच्या वर डावा हात तोडावा लागलेल्या एका सुताराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली मान्य केले की, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची हानी संपूर्णच आहे. भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते, हेही त्याच निकालाने स्पष्ट केले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. राज्यात २०२३ पासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना सुरू झाली. ती खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. दुसऱ्याच्या खळ्यावर राबणाऱ्या भूमिहीन मजुराचे नाव सातबाऱ्यावर नसते. त्याला आधार आहे तो नुकसानभरपाईच्या कायद्याचाच. यंत्रमाग कारखान्यासारख्या ठिकाणी कामगार राज्य विम्याखाली असेल, तर त्याने आपला दावा त्या योजनेतून मागावयाचा असतो.

मग आपण काय करावे? अपघात होताच मालकास लेखी सूचना द्यावी आणि तिची पोच ठेवावी. दवाखान्यातील पहिल्या दिवसाचा कागद जपावा. त्यात ‘यंत्रात हात सापडून’ असे कारण नोंदले आहे की नाही, हे त्याच वेळी पाहावे. पोलिसांत खबर द्यावी, पंचनामा करवून घ्यावा, सोबतच्या मजुरांची नावे टिपावीत. रोजंदारीचा कागद नसेल तर मजुरी किती होती, हे त्या साक्षीदारांकडून सिद्ध करता येते. सक्षम प्राधिकाऱ्याकडे दावा दोन वर्षांच्या आत दाखल व्हावयास हवा. विलंबास सबळ कारण असेल तर तो क्षमापित होऊ शकतो, परंतु त्यावर विसंबून राहू नये.

शिक्षकांचे साह्य येथे मोलाचे ठरते. गुणक वयावर ठरतो आणि वयाचा पुरावा पुष्कळदा शाळेच्या दाखल्यातच असतो. तो दाखला वेळेवर देणे, अर्ज लिहून देणे, अंगठा उमटविण्यापूर्वी कागद वाचून दाखविणे, ही लहान दिसणारी कामे एका कुटुंबाचे पुढील आयुष्य सावरतात. पंचायत सदस्यांनी यंत्रमालकांना कवच बसविण्यास आणि मजुरांचा विमा उतरविण्यास प्रवृत्त करावे. विम्याचा हप्ता थोडका असतो. भरपाईचा बोजा मात्र लहान शेतकऱ्याला उचलवत नाही. विमा असेल तर मजुरासही आपली रक्कम हाती पडण्याची खात्री राहते.

गेलेला हात कोणताही कायदा परत देऊ शकत नाही. परंतु हात गेल्यावर त्या घरची चूल पेटती राहावी, मुलांची शाळा सुटू नये, एवढी तरतूद कायद्याने करून ठेवली आहे. ती त्या घरापर्यंत पोहोचविणे आपल्या हाती आहे.