प्रश्नच धड विचारला नव्हता



आजचा विषय आहे ब्रेक्झिट आणि पार्लमेंटची कोंडी. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडला, तेव्हा हा विषय आता शिळा झाला असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. २०१९ साली वेस्टमिन्स्टरमध्ये जे चालले होते ते पाहून आपल्या लोकांच्या बैठकांत एक सूर हमखास निघे. "साडेसहाशे माणसे जमतात, रात्री उशिरापर्यंत भांडतात आणि कशालाच हो म्हणत नाहीत. एखादा खमक्या माणूस बसवा, दोन दिवसांत निकाल लावेल." हे म्हणणारे लोक अडाणी नव्हते. डॉक्टर होते, इंजिनियर होते, बँकांत मोठ्या हुद्द्यावर होते. भारताच्या संसदेबद्दलही यांचे मत हेच असते. म्हणून ती कोंडी नेमकी कशाने झाली हे शांतपणे तपासण्यासारखे आहे.

माझा मुद्दा आधीच सांगून टाकतो. कोंडी पार्लमेंटने जन्माला घातली नाही. ती २०१६ च्या मतपत्रिकेतच होती. पार्लमेंटमध्ये ती उघडी पडली, एवढेच.

२३ जून २०१६ च्या सार्वमतात प्रश्न असा होता: युनायटेड किंग्डमने युरोपीय संघाचे सदस्य राहावे, की संघ सोडावा? ७२.२ टक्के मतदान झाले. ५१.९ टक्के लोक म्हणाले सोडावा, ४८.१ टक्के म्हणाले राहावे. सुमारे १ कोटी ७४ लाख विरुद्ध १ कोटी ६१ लाख. माझ्यासारख्याला निकाल आवडला नाही, पण मोजणी चोख होती.

पण सोडून जायचे कुठे? नॉर्वे संघात नाही, तरी संघाच्या एकल बाजारपेठेत आहे. तुर्कस्तान संघात नाही, तरी औद्योगिक मालापुरता संघाशी कस्टम्स युनियनमध्ये आहे. कॅनडाचा संघाशी फक्त व्यापार करार आहे. आणि कसलाही करार न करता बाहेर पडणे हा चौथा मार्ग. चारही 'बाहेर'च, पण प्रत्येकाचे परिणाम वेगळे. यातला कोणता हवा हे मतदाराला कुणी विचारलेच नाही. २०१५ च्या सार्वमत कायद्यात निकालानंतर सरकारने काय करायचे हेही लिहिलेले नव्हते. २०११ साली याच देशात मतदानपद्धती बदलण्यावर सार्वमत झाले, तेव्हा मात्र नवी पद्धत कशी असेल आणि होकार आला तर ती कशी लागू होईल, हे सारे कायद्यात आधीच होते.

हे का महत्त्वाचे, ते घरगुती उदाहरणाने सांगतो. समजा आपल्या मंडळाचे शंभर सभासद आहेत आणि गणपतीचा हॉल बदलायचा का यावर मतदान झाले. ५२ म्हणाले बदला, ४८ म्हणाले हाच ठेवा. ठीक. आता त्या ५२ पैकी २० जणांना देवळाचा हॉल हवा, १८ जणांना शाळेचा आणि १४ जणांना कुणाच्या तरी बागेत मांडव हवा. कार्यकारिणी एकेक पर्याय मताला टाकते. देवळाचा हॉल: २० विरुद्ध ८०. शाळा: १८ विरुद्ध ८२. बाग: १४ विरुद्ध ८६. आणि जुनाच हॉल ठेवू म्हटले तर ४८ विरुद्ध ५२. प्रत्येक ठरावाविरुद्ध बहुमत! यात एकही सभासद मूर्ख नाही, एकही अप्रामाणिक नाही. बहुमताच्या अशा कोड्यांवर कोंदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ सालीच लिहून ठेवले आहे. अशा वेळी कार्यकारिणीला शिव्या देऊन हॉल मिळत नाही.

आपल्या ओळखीचा एक कौल आठवा. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने मत दिले: महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे? त्यातही घटक राज्याचा तिसरा पर्याय नव्हता. तो गोव्याला १९८७ साली मिळाला. पण जे दोन पर्याय होते ते दोन्ही डोळ्यांसमोर उभे होते. महाराष्ट्र राज्य काय असते आणि केंद्रशासित प्रदेश काय असतो, हे मतदाराला माहीत होते. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० असा निकाल लागला. विलीनीकरणवाद्यांना तो झोंबला, पण त्याचा अर्थ काय यावर वर्षानुवर्षे खल करावा लागला नाही.

ब्रिटनमध्ये दुसरी अडचण याहून अवघड होती, ती आयर्लंडची. थेरेसा मे यांनी १७ जानेवारी २०१७ च्या भाषणात सांगितले की ब्रिटन एकल बाजारपेठ आणि कस्टम्स युनियन दोन्ही सोडेल. हे पहिले वचन. आयर्लंड प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधल्या सुमारे ५०० किलोमीटरच्या सीमेवर पुन्हा चौक्या बसणार नाहीत, हे दुसरे. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर ती सीमा जवळजवळ अदृश्य झाली होती आणि त्यामागे तीस वर्षांचा रक्तपात होता, म्हणून हे वचन मोडणे परवडणारे नव्हते. उत्तर आयर्लंड आणि उरलेला ब्रिटन यांच्यात समुद्रात सीमा येणार नाही, हे तिसरे.

आता पाहा. जकातीचे आणि मालाच्या दर्जाचे नियम वेगळे झाले की तपासणी कुठेतरी करावीच लागते. एक तर जमिनीवर, नाहीतर समुद्रात. दोन्हीकडे नको असेल तर नियम वेगळे करता येत नाहीत. तिन्हींपैकी कोणतीही दोन वचने पाळता येतात, तिन्ही एकदम नाहीत. आम्ही प्रयोगशाळेत अशा वेळी म्हणतो की या अटींना उत्तरच नाही, एक अट सोडा. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

पार्लमेंट निर्दोष होते असे मी म्हणत नाही. कुठे जायचे हे ठरवण्याआधीच, १ फेब्रुवारी २०१७ रोजी, खासदारांनी ४९८ विरुद्ध ११४ मतांनी बाहेर पडण्याची नोटीस देण्याचे विधेयक पुढे नेले. २९ मार्चला नोटीस गेली आणि दोन वर्षांचे घड्याळ सुरू झाले. मग मे यांनी जूनमध्ये निवडणूक घेऊन असलेले बहुमतही घालवले आणि उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाच्या १० खासदारांवर विसंबून राहण्याची वेळ ओढवून घेतली. समुद्रातली सीमा ज्यांना मुळीच चालणार नव्हती, नेमके तेच हे लोक.

पुढचे आकडे तुम्हांला आठवत असतील. मे यांचा करार १५ जानेवारी २०१९ ला ४३२ विरुद्ध २०२ असा फेटाळला गेला. आधुनिक काळातला कुठल्याही ब्रिटिश सरकारचा तो सर्वांत मोठा पराभव. १२ मार्चला ३९१ विरुद्ध २४२. २९ मार्चला ३४४ विरुद्ध २८६. दरम्यान २७ मार्चला खासदारांनी आठ पर्याय स्वतःच मताला टाकले आणि आठही पडले. करार न करता बाहेर पडण्याला १६० मते पडली, विरोधात ४००. १ एप्रिलला चार पर्याय उरले, तेही पडले. कस्टम्स युनियनचा ठराव २७३ विरुद्ध २७६, म्हणजे फक्त तीन मतांनी हरला.

ही तीन मते आपल्यासारख्या पुरोगामी म्हणवणाऱ्यांनी विसरू नयेत. कट्टर ब्रेक्झिटवाद्यांना आशा होती की सगळे पाडत राहिलो तर करार न करताच सुटका होईल. पण दुसऱ्या सार्वमताच्या आशेवर बसलेल्या काही युरोपवादी खासदारांनीही कस्टम्स युनियनला मत दिले नाही. दोघांचाही हिशेब एकच: आज नाही म्हटले की उद्या याहून चांगले मिळेल. यातल्या एका गटाचा हिशेब चुकणार हे उघड होते. मधला मार्ग गेला तो दोन्ही टोकांनी मिळून घालवला.

मग खापर फोडण्याचा कार्यक्रम सुरू झाला. मे यांनी २० मार्च २०१९ ला दूरचित्रवाणीवरून जनतेला सांगितले की मी तुमच्या बाजूची आहे, अडवणूक खासदारांची आहे. त्याआधी २०१६ साली एका वृत्तपत्राने तीन न्यायाधीशांना पहिल्या पानावर जनतेचे शत्रू ठरवले होते. बोरिस जॉन्सन पंतप्रधान झाल्यावर त्यांनी पार्लमेंट पाच आठवडे स्थगित केले. २४ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी एकमताने ते बेकायदा ठरवले. हा खटला लढवणाऱ्या जीना मिलर ब्रिटिश गयानात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. सार्वमताच्या आठवडाभर आधी जो कॉक्स या मजूर पक्षाच्या खासदाराचा भर रस्त्यात खून झालेला होता, तेव्हा धमक्या म्हणजे नुसते शब्द नव्हते.

'पार्लमेंट कशालाच हो म्हणत नाही' हेही शेवटी खरे राहिले नाही. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी जॉन्सन यांच्या कराराच्या विधेयकाचे दुसरे वाचन ३२९ विरुद्ध २९९ मतांनी मंजूर झाले. खासदारांनी नाकारले ते एवढेच, की इतके मोठे विधेयक तीन दिवसांत उरकावे. ज्याला आपण आडमुठेपणा म्हणत होतो तो त्या दिवशी 'आम्हांला वाचू द्या' एवढाच होता. डिसेंबरच्या निवडणुकीत हुजूर पक्षाला ४३.६ टक्के मते आणि ३६५ जागा मिळाल्या आणि कोंडी फुटली.

पण ती कशी फुटली? खमक्या माणसाने तिन्ही वचने पाळली नाहीत. त्याने तिसरे सोडले आणि सीमा समुद्रात नेली. निषेध म्हणून डीयूपी फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्तर आयर्लंडच्या सरकारातून बाहेर पडला आणि तिथे दोन वर्षे सरकारच नव्हते. मधे फेब्रुवारी २०२३ मध्ये विंडसर करार करून नियम सौम्य करावे लागले. वेस्टमिन्स्टरची कोंडी बेलफास्टला जाऊन बसली, एवढाच फरक.

किंमत ज्यांनी मोजली त्यांतले काही माझ्या शेजारच्या टेबलावर काम करतात. आमच्या प्रयोगशाळेतली एक इटालियन सहकारी, या देशात जिचे केस पिकले, ती राहण्याचा हक्क सिद्ध करण्यासाठी जुन्या पगाराच्या पावत्या शोधत होती. युरोपच्या होरायझन संशोधन कार्यक्रमात ब्रिटन परत गेला तो १ जानेवारी २०२४ पासून. तोवर तीन वर्षे अधांतरी गेली होती.

आणि आपण? इथे एक गंमत आहे, पण ती हसण्यासारखी नाही. सार्वमतात ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मत होते. म्हणजे पुण्याहून व्हिसावर आलेला भारतीय नागरिक मत देऊ शकत होता. पण स्विंडनमध्ये पोर्तुगीज पासपोर्टवर राहणाऱ्या आपल्या गोवेकराला, ज्याचे सगळे भवितव्य त्या मतावर अवलंबून होते, मत नव्हते. 'जनतेचा कौल' म्हणताना जनतेत कोण मोजले आणि कोण वगळले, हे विचारावे लागते ते असे. प्रचारात दक्षिण आशियाई लोकांना सांगितले गेले की युरोपीयांची रीघ थांबली की तुमच्या उपाहारगृहांना आपल्याकडचे आचारी आणणे सोपे होईल. प्रीती पटेल यांनी ती मोहीम चालवली आणि आपल्यातल्या काहींना ती पटलीही. पुढे एप्रिल २०२४ मध्ये कुशल कामगारांच्या व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट २६,२०० पौंडांवरून ३८,७०० पौंडांवर गेली. शेजाऱ्याचे दार बंद झाले म्हणून आपले उघडत नाही.

सार्वमत घेऊच नये असे मला म्हणायचे नाही. घ्यायचे तर प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना अमलात आणण्याजोगे काहीतरी लिहिलेले असावे, आणि तसे नसेल तर तपशील ठरल्यावर लोकांकडे परत जावे. हे न करता 'लोकांनी सांगितले आहे, आता वाद कशाला' असे कोणी म्हणाले, मग तो लंडनमध्ये म्हणो की दिल्लीत, तर आपण विचारावे: लोकांना नेमके काय विचारले होते? पार्लमेंटमधला गोंधळ कंटाळवाणा असतो हे खरे, पण २०१९ साली तीन वचने एकत्र बसत नाहीत हे देशाला कळले ते त्याच गोंधळातून.

शेवटी एक साधे काम. व्हिसावर असलेल्या भारतीय नागरिकालाही या देशात मतदार म्हणून नाव नोंदवता येते. ज्यांनी ते केलेले नाही त्यांनी या आठवड्यात करावे. कौन्सिलचे पत्र टपालात येते, ते जाहिरातींबरोबर टाकून देऊ नये. आता तुमचे प्रश्न घेतो, आणि मतभेद असतील तर ते आधी.