बेघरांचा साथीतील निवारा



पुरानी बस्ती ही महामाया मंदिराची आणि दूधाधारी मठाची वस्ती. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी होऊन ‘घरीच राहा’ अशी आज्ञा झाली. तेव्हा ज्यांना घरच नाही त्यांनी कोठे राहावे, हा प्रश्न येथेच मांडावा असे आम्हांस वाटले.

२०११ च्या जनगणनेत देशातील बेघर सुमारे १७ लाख ७३ हजार भरले. २९ मार्चला केंद्रीय गृहमंत्रालयाने तात्पुरते निवारे व अन्न पुरविण्यास राज्यांना फर्माविले. ठिकठिकाणी शाळा व सभागृहे उघडली गेली. आम्ही सरकारी नोकर. आदेशाचे मोल जाणतो. परंतु तो निघेपर्यंत माणसे चालू लागली होती. मे महिन्यात महाराष्ट्राकडून येणारे मजूर रायपूरच्या टाटीबंध चौकात पोहोचत. स्वयंसेवक त्यांना जेवू घालीत, आणि ते पुढे ओडिशा-झारखंडची वाट धरीत. त्यांना छप्पर नव्हे, गाव हवे होते. खऱ्या बेघराला परतावयास गावही नसते. या दोघांना एकाच सतरंजीवर बसविले, की मजूर निघून जाताच निवाऱ्याचेही काम संपले असे समजले जाते.

महाराष्ट्राला साथ नवी नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९७ साली झालेला साथरोग कायदाच २०२० मध्येही लागू करण्यात आला. त्या प्लेगात सावित्रीबाई फुले व डॉ. यशवंत यांनी हडपसरनजीक ससाणे मळ्यात दवाखाना चालविला. मुंढव्याच्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर आणले. संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. बंगला नव्हे, गावाबाहेरचे मोकळे रान, एवढेच भांडवल होते.

शहरी बेघरांच्या केंद्रीय योजनेत लाख वस्तीमागे किमान १०० जणांचा कायम निवारा आणि माणशी ५० चौरस फूट जागा धरली होती. रायपूरची २०११ ची वस्ती १० लाखांवर. म्हणजे सोय हजार जणांची हवी. साथीत अंतर राखावयाचे तर ५० फूटही तोकडेच.

आपले सभागृह लग्नमुंजींना भाड्याने जाते. २,००० चौरस फुटांच्या दालनात याच मापाने ४० माणसे मावतात. पाणी, न्हाणीघर आणि आजाऱ्यास वेगळी खोली, एवढाच प्रश्न उरतो. पुढील साथीची वाट न पाहता जागेची नोंद जिल्हाधिकाऱ्यांकडे करून ठेवावी, असा ठराव आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवीत आहोत. नाटकाच्या तालमींची अडचण होईल असा आक्षेप येणार, हे गृहीत धरूनच.