थकवा एकटीचा नाही
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



आपल्या सल्ला केंद्रांवर एक वाक्य नेहमी कानावर पडतं. 'मी नाही गेले तर त्या बाईचं काय होईल?' प्रश्न खोटा नाही. पण प्रत्येक वेळी 'मीच जाते' हेच उत्तर देत राहिलो, तर काही वर्षांत कार्यकर्ती मोडून पडते आणि तिच्या हातातल्या सगळ्या केसेस अडतात.

१९७४ साली न्यूयॉर्कच्या फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने या अवस्थेवर लेख लिहिला, तो मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांना पाहून. जीव ओतून काम करणारेच आधी विझतात, असं त्यांना दिसलं. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने याची व्याख्या केली. हा आजार नव्हे, तर कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट न हाताळल्याचा परिणाम आहे. त्याच्या खुणा तीन: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाविषयी मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. समोरच्या बाईला आपण फटकन 'मग इतकी वर्षं सहन का केलंस?' म्हणतो, तेव्हा दुसरी खूण ओळखावी.

शिवाय आपण घरीही राबतोच. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचा रोजचा वेळ २९९ मिनिटं होता, पुरुषाचा ९७. अशा बाईला 'स्वतःची काळजी घे' एवढंच सांगणं म्हणजे आणखी एक काम तिच्याच पदरात टाकणं.

२०२१ साली महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी नादुरुस्त मोबाइल सरकारला परत केले. कामाचा जाच त्यांनी एकेकीचं रडगाणं ठेवला नाही, संघटनेची मागणी केली. आपणही तेच करू.

दर महिन्याच्या बैठकीत प्रत्येकीच्या चालू केसेस, कोर्टाच्या तारखा आणि गावभेटी फळ्यावर लिहू. एकीकडे किती केसेस असाव्यात ते सगळ्याजणी मिळून ठरवू. प्रत्येक केस दोघींना ठाऊक असेल. रात्रीच्या फोनची पाळी लावू आणि जिवाला धोका असेल तर ११२ लावायचा, हे बाईला पहिल्याच भेटीत सांगू.

तरीही बायका जास्त आणि हात कमी पडतील. तेव्हा आठवावं, कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याने संरक्षण अधिकारी नेमण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. त्यांचं काम आपण मुकाट्याने उपसत राहिलो, तर ती जबाबदारी कुणालाच दिसणार नाही. दारी आलेल्या बाईला आपण परत पाठवणार नाहीच, पण त्या कामाची वेगळी नोंद ठेवू आणि ती घेऊन जिल्हा कार्यालयात जाऊ.

आपला लढा लांबचा आहे. त्यात आज उभी असलेली प्रत्येकजण दहा वर्षांनीही हवी आहे. म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतर पहिला फळा इथेच भरू या.